निधी, नियम आणि विश्वस्तवृत्ती : रोटरी फाउंडेशनच्या कारभाराची चिकित्सा

प्रस्तावना

हिंगणघाटसारख्या तालुक्याच्या गावी आंतरराष्ट्रीय सेवा-क्लबांच्या कामात व्यापारी, डॉक्टर आणि वकील यांच्याबरोबर महाविद्यालयीन प्राध्यापकही सहभागी होतात. पदग्रहण समारंभ, शिबिरे, यंत्रसामग्रीचे लोकार्पण यांच्या वार्ता स्थानिक वृत्तपत्रांत नियमितपणे येतात. मात्र ज्या निधीच्या बळावर हे घडते, त्याचे संकलन कसे होते, त्यावर अधिकार कोणाचा आणि हिशेब कोणाला दिला जातो, हे प्रश्न क्वचितच अभ्यासाचा विषय होतात. प्रस्तुत लेखात रोटरी इंटरनॅशनलच्या धर्मादाय फाउंडेशनच्या निमित्ताने या प्रश्नांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न आहे. या फाउंडेशनची हिशेबव्यवस्था देणगीदाराच्या दिशेने भक्कम आहे, परंतु ज्या गावासाठी पैसा खर्च होतो त्या गावाच्या दिशेने ती दुबळी आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. हा दोष व्यक्तींच्या सचोटीचा नसून रचनेचा आहे.

निधीची जडणघडण

१९१७ साली अटलांटा येथील अधिवेशनात तत्कालीन अध्यक्ष आर्च क्लम्फ यांनी सत्कार्यासाठी कायमस्वरूपी निधी उभारण्याची कल्पना मांडली. पुढच्याच वर्षी कॅन्सस सिटी येथील क्लबने दिलेली २६.५० डॉलरची देणगी ही या निधीतील पहिली रक्कम होय. १९२८ मध्ये या निधीस ‘रोटरी फाउंडेशन’ हे नाव मिळाले. १९४७ मध्ये संस्थापक पॉल हॅरिस यांचे निधन झाल्यावर त्यांच्या स्मरणार्थ देणग्यांचा ओघ वाढला. १९५७ पासून एक हजार डॉलर देणाऱ्यास, किंवा ज्याच्या नावे ती रक्कम दिली जाते त्यास, ‘पॉल हॅरिस फेलो’ म्हणून गौरविण्याची प्रथा सुरू झाली.

या प्रथेने दोन गोष्टी साधल्या. दान हे आकस्मिक औदार्य न राहता सदस्यत्वाचा नियमित भाग बनले. त्याचबरोबर दानाचे मोजमाप सन्मानाशी जोडले गेले. क्लबनिहाय उद्दिष्ट, दरडोई सरासरी आणि त्यानुसार होणारे गौरव यांमुळे निधी वाढतो, हे मान्य करावे लागते. परंतु मोजमाप देण्याचेच होत राहिल्यास त्या देण्यातून काय निष्पन्न झाले याकडे दुर्लक्ष होण्याचा धोका असतो.

कारभाराची चौकट

फाउंडेशनचा कारभार पंधरा विश्वस्तांचे मंडळ पाहते. विश्वस्तांची निवड रोटरी इंटरनॅशनलच्या संचालक मंडळाच्या संमतीने होते. वापीचे कल्याण बॅनर्जी हे २०१६-१७ या शताब्दी वर्षात या मंडळाचे अध्यक्ष होते. भारतीय सदस्य या व्यवस्थेत केवळ देणारे वा घेणारे नाहीत, तर निर्णय घेणाऱ्यांतही त्यांना स्थान आहे, हे यावरून स्पष्ट होते.

वार्षिक निधीत जमा झालेली देणगी सर्वसाधारणपणे तीन वर्षे गुंतवली जाते. त्यानंतर तिचा जवळपास अर्धा भाग संबंधित प्रांताच्या विनियोगासाठी परत येतो आणि तितकाच भाग जागतिक निधीत जातो. स्थायी निधीची मुद्दल मात्र खर्च होत नाही, केवळ तिचे उत्पन्न वापरले जाते. २०१३-१४ पासून सर्वत्र लागू झालेल्या अनुदान-रचनेत ‘जागतिक अनुदाना’च्या प्रकल्पाचा किमान खर्च तीस हजार डॉलर, म्हणजे आजच्या दराने पंचवीस लाख रुपयांहून अधिक, असावा लागतो. त्यासाठी दोन देशांतील क्लबांची भागीदारी, गरजांचे पूर्वसर्वेक्षण, स्वतंत्र बँक खाते आणि ठराविक मुदतीत अहवाल या अटी आहेत. भारतात परकीय अंशदानाच्या कायद्याचे बंधनही आहे आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते अधिक कडक झाले आहे. आपल्याकडील अनेक धर्मादाय न्यासांचे लेखे पाहिलेल्या अभ्यासकाला ही शिस्त निश्चितच अनुकरणीय वाटेल.

कालमानांची विसंगती

तथापि या शिस्तीतच एक विसंगती दडलेली आहे. क्लबचा अध्यक्ष आणि प्रांतपाल यांची मुदत एक वर्षाची असते. ती १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपते. देणगी परत येण्यास तीन वर्षे लागतात. घेतलेले यंत्र मात्र सात-आठ वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ चालवावे लागते. संकलन, विनियोग आणि उपयोग यांची कालमाने अशी वेगवेगळी असल्याने संकलनाचे श्रेय एकाला, उद्‌घाटनाचा मान दुसऱ्याला आणि नादुरुस्त यंत्राची चिंता तिसऱ्याच संस्थेला, अशी वाटणी होते.

डायलिसिस यंत्राचे उदाहरण घेता येईल. जागतिक अनुदानातून यंत्र घेता येते, प्रशिक्षणही देता येते. दुसऱ्या संस्थेचा दैनंदिन चालू खर्च मात्र त्यातून भागवता येत नाही. ही अट तत्त्वतः योग्यच आहे, कारण बाहेरच्या पैशावर कायम विसंबून राहणारी संस्था स्वावलंबी होत नाही. परंतु पाचव्या वर्षी तंत्रज्ञाचे वेतन कोण देणार, याचे उत्तर अर्जातील स्वयंपूर्णतेच्या परिच्छेदात असते. ते खरे ठरले का, हे पाहण्याची वेळ येते तेव्हा अंतिम अहवाल दाखल होऊन नस्ती बंद झालेली असते. शिवाय किमान खर्चाच्या अटीमुळे, जी गरज दोन लाखांत भागेल ती लहान प्रांतीय अनुदानाकडे वळवावी लागते, अन्यथा मोठ्या खरेदीत तरी बसवावी लागते.

वर्धा परिसराचा पूर्वानुभव

सार्वजनिक निधीचा हा प्रश्न या परिसराला नवा नाही. एकोणिसाव्या शतकात हिंगणघाटचा कापूस नावाजलेला होता. कापूस व धान्याच्या जुन्या बाजारपेठांत विक्रीच्या रकमेतून ‘धर्मादाय’ कापून घेण्याची रीत होती. त्यातून गोरक्षण, मंदिर, धर्मशाळा यांना साहाय्य होई. त्यातून झालेली कामे नाकारता येत नाहीत. परंतु पैसा शेतकऱ्याचा, निर्णय व्यापाऱ्याचा आणि पुण्यही व्यापाऱ्याचेच, असे त्या रीतीचे स्वरूप होते. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने बाजारातील अशा कपातींची दखल घेतली होती.

याच्या नेमक्या उलट टोकाचा प्रयोगही याच जिल्ह्याशी निगडित आहे. पवनारच्या विनोबा भावे यांनी भूदानानंतर संपत्तिदानाची कल्पना मांडली. तीत दात्याने उत्पन्नाचा सहावा हिस्सा काढायचा, तो स्वतःजवळच ठेवून सांगितलेल्या कामी खर्च करायचा आणि वर्षाअखेर हिशेब द्यायचा, अशी योजना होती. १९५६ च्या अखेरीस पलनी येथे त्यांनी ‘तंत्रमुक्ती’ व ‘निधिमुक्ती’चा निर्णय घेतला. केंद्रीय निधीवर पोसलेली चळवळ लोकांची राहत नाही, ही त्यामागची भूमिका होती. मात्र यंत्रणाच उरली नाही तेव्हा पाठपुरावाही शिथिल झाला आणि दानात मिळालेल्या बऱ्याच जमिनीचे वाटप रखडले.

धर्मादायात हिशेब मागणारा नव्हता, निधिमुक्तीत हिशेब ठेवणारी यंत्रणा उरली नाही. फाउंडेशनजवळ यंत्रणा आहे आणि हिशेबही आहे. उणीव आहे ती लाभार्थ्याला तो हिशेब मागण्याचा अधिकार नसण्याची.

पोलिओचा धडा

ही उणीव अपरिहार्य नाही, हे फाउंडेशनच्याच सर्वांत मोठ्या कार्यावरून दिसते. १९८५ मध्ये ‘पोलिओप्लस’ जाहीर झाले. १२ कोटी डॉलरचे उद्दिष्ट असताना सुमारे २४.७ कोटी डॉलर जमा झाले. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. या यशात निधीइतकाच लाखो लसीकरण कर्मचाऱ्यांचा आणि शासनाचा वाटा आहे. येथे अधोरेखित करावयाचा मुद्दा असा की, या कामाचे मूल्यमापन निधी जमविणाऱ्यांच्या हाती नव्हते. रुग्णशोधाची स्वतंत्र यंत्रणा प्रत्येक संशयित बालकाचा तपास करीत होती. किती डॉलर दिले हा आकडा सभागृहात वाचला जात होता, परंतु किती मुले लुळी पडली हा आकडा दुसरेच कोणी मोजत होते. म्हणूनच या कार्यातील यशापयश लपून राहणे शक्य नव्हते.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, निधिसंकलनाचे कौशल्य आणि नियमांची काटेकोरता यांनी विश्वस्तवृत्ती आपोआप सिद्ध होत नाही. गांधीजींच्या विश्वस्त-कल्पनेत संपत्ती सांभाळणारा ज्यांच्यासाठी ती सांभाळतो त्यांना उत्तरदायी असतो, केवळ आपल्या वरिष्ठांना नव्हे. या कसोटीवर तालुक्याच्या पातळीवर तीन गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत. प्रकल्पाच्या निर्णयात लाभार्थी संस्थेबाहेरील एका स्थानिक प्रतिनिधीस स्थान द्यावे. लोकार्पणानंतर तिसऱ्या व पाचव्या वर्षी यंत्र चालू आहे काय, याचा लहानसा अहवाल मराठीत जाहीरपणे वाचावा. तो तयार करण्याचे काम क्लबचे सदस्य नसलेल्यांकडे सोपवावे.

या तिसऱ्या कामासाठी महाविद्यालयाहून योग्य संस्था गावात दुसरी नाही. वाणिज्य, समाजशास्त्र व अर्थशास्त्र विभागांतील विद्यार्थ्यांना प्रकल्पकार्य म्हणून ते देता येईल. मात्र त्यासाठी जे प्राध्यापक स्वतः क्लबचे पदाधिकारी आहेत, त्यांनी आपल्याच कामाची तपासणी दुसऱ्याच्या हाती देण्याची तयारी ठेवली पाहिजे. फाउंडेशनला दिलेल्या हजार डॉलरपेक्षा ही तयारी अधिक कठीण आहे. विश्वस्तवृत्तीची खरी परीक्षा मात्र तेथेच होते.