भग्न जहाजांचीं छायाचित्रें व मुक्त ज्ञानकोश : एक परीक्षण

नेदरलंड्सच्या सरकारी वारसा-खात्यानें आपल्या संग्रहांतील लाखों छायाचित्रें ‘विकिमीडिया कॉमन्स’ ह्या सार्वजनिक चित्रभांडारास दिलीं असून त्यांत भग्न जहाजांच्या अवशेषांचींही छायाचित्रें आहेत. विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश आपलीं चित्रें बहुतांशीं ह्याच भांडारांतून घेतो. त्याची मराठी आवृत्ति १ मे २००३ पासून चालू आहे; तेव्हां हें दान मराठी वाचकांसही मिळालें आहे. त्याचें मोल काय, त्यांत उणें काय, आणि आमच्या किनाऱ्याच्या बाबतींत त्यापासून काय घ्यावयाचें, इतक्याचाच विचार येथें कर्तव्य आहे.

भग्न जहाज म्हटलें कीं तें पाण्याखालींच असावयाचें, असा सामान्य समज आहे. डच लोकांच्या झायडर झी ह्या आखाताची हकीगत निराळी आहे. १९३२ सालीं बांध घालून हें आखात समुद्रापासून तोडण्यांत आलें, व पुढें १९४२, १९५७ आणि १९६८ ह्या सालीं त्याचे मोठमोठे भाग कोरडे झाले. नव्या जमिनींत चर खणले जाऊं लागतांच गाळांतून जहाजांचे सांगाडे निघूं लागले. त्यांची संख्या चारशेंच्या वर गेली. शतकानुशतकें ओल्या गाळांत टिकलेलें लांकूड हवा लागतांच वाळतें, आकसतें व चिरफळतें. इतके सांगाडे जतन करून ठेवणें कोणासही शक्य नव्हतें. जो सांगाडा उकलला त्याचीं टिपणें, नकाशे व छायाचित्रें तेवढीं मागें उरलीं. म्हणून अशा छायाचित्राची योग्यता शोभेच्या चित्राची नव्हे. अस्सल कागद नाहींसा झाल्यावर उरलेल्या एकमेव नकलेची जी योग्यता, तीच त्याची होय. आणि एकमेव नक्कल एकाच पेटींत ठेवणें किती धोक्याचें, हें पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर ५ जानेवारी २००४ रोजीं झालेला हल्ला ज्यांस आठवतो त्या संग्राहकांस निराळें सांगावयास नको.

ह्या दानाचा पहिला गुण त्याच्या परवानगींत आहे. छायाचित्रकाराचें व खात्याचें नांव द्यावें आणि पुढें देतांना त्याच अटींवर द्यावें, एवढीच बोली आहे. व्यापारी उपयोग वर्ज्य केलेला नाहीं. पुष्कळ संस्था ‘पाहण्यास मोकळीक’ देतात, पण ग्रंथांत छापावयाचें म्हटलें कीं हात आखडतात. व्यापारी उपयोगाची बंदी असलेलें चित्र हें भांडार स्वीकारीत नाहीं, व आमच्या मतें तें योग्यच आहे. कारण शाळेचें पुस्तक छापणारा मुद्रकही व्यापारीच असतो.

ह्या ठिकाणीं एका जुन्या वादाची आठवण होते. १६७४ सालीं इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडीं आला, तेव्हां किनाऱ्यावर फुटलेल्या इंग्रजी जहाजांचा माल परत मिळावा असें कलम त्यानें मागितलें होतें. तें कोंकणच्या रिवाजाविरुद्ध आहे, व इंग्रजांस दिल्यास फरांसिस व डच हेही तेंच मागतील, अशी हरकत शिवाजीमहाराजांनीं घेतली. किनाऱ्यास लागलेल्या मालावर किनाऱ्याच्या धन्याचा हक्क, हा त्या काळचा न्याय होता व राजनीतीस तो धरून होता. परंतु संशोधनाचा माल निराळ्या जातीचा. वांटल्यानें तो घटत नाहीं. उलट ज्याच्या हातीं पडेल तो त्यांत भर घालूं शकतो. किनाऱ्याचा जुना हक्क छायाचित्रांवर चालविणाऱ्या संस्था आपल्याकडे आजही आहेत, ही खेदाची गोष्ट होय.

आतां दोषाकडे वळूं. सदर खात्याच्या इमारतींच्या छायाचित्रांवर ‘दर्शनी बाजू’, ‘आंतील भाग’ अशा एक-दोन शब्दांच्या नोंदी सर्रास आढळतात. त्यांबरोबर गांवाचें नांव व दप्तरी क्रमांक असतो, म्हणून मूळ संग्रहापर्यंत मागें जातां येतें, हें खरें. पण इमारत जागेवर उभी असते. शंका आल्यास जाऊन पाहतां येते. उकललेल्या जहाजाची तशी सोय नाहीं. तेथें मोजपट्टी, दिशा, उत्खननाचा दिवस व थर ह्यांवांचूनचें चित्र म्हणजे सनावळी फाटलेला कागद.

ह्या बाबतींत जर्मनीच्या संघीय अभिलेखागाराचा प्रघात अधिक चांगला वाटतो. त्यानें डिसेंबर २००८ मध्यें लाखाच्या आसपास छायाचित्रें ह्याच भांडारास दिलीं. प्रत्येक चित्राची मूळची नोंद, ती चुकीची अगर पक्षपाती असली तरीही, जशीच्या तशी ठेवून ती तशी असूं शकेल असा इशारा दिलेला आहे. शुद्ध केलेलें वर्णन वेगळें दिलें जातें. मूळ पाठ राखून पाठभेद टिपेंत द्यावा, हा हस्तलिखितें छापणारांचा नियमच येथें छायाचित्रांस लागू झालेला दिसतो.

ह्या नियमाची गरज किती, तें गोव्याच्या उदाहरणावरून दिसेल. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनीं गोव्याच्या किनाऱ्यालगत पाण्याखालीं शोध करून भग्न जहाजांचे अवशेष उजेडांत आणले. सुंचीच्या खडकापाशीं सतराव्या शतकांतील जहाजाचे अवशेष सांपडले. त्यांत तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दांत व चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे आहेत. पाणघोडा हिंदुस्थानांत नसतो. तेव्हां हे दांत आफ्रिकेशीं चालणाऱ्या व्यापाराकडे बोट दाखवितात. पण नोंदीवांचून त्यांचें चित्र पाहणारा त्यांस हस्तिदंतच समजेल, व पुरावा डोळ्यांसमोर असून हातचा जाईल.

दुसरें उदाहरण सेंट जॉर्ज खडकाचें. तेथें जीं भाजक्या मातीचीं कौलें मिळालीं, त्यांवर बासेल मिशनच्या कारखान्याचें नांव व १८६५ हा आंकडा आहे. आतां ‘१८६५चें कौल’ एवढीच नोंद चित्राखालीं घातली, तर जहाज त्याच सालीं बुडालें असें कोणीही लिहील, व एका ज्ञानकोशांतून तें दहा पुस्तकांत जाईल. वस्तुतः १८६५ हें बासेल मिशनचा मंगळूर येथील कौलांचा कारखाना निघाल्याचें साल आहे. जहाज त्यापूर्वीं बुडालेलें नाहीं, इतकेंच त्या ठशावरून सिद्ध होतें. नंतर केव्हां, हें त्यावरून ठरत नाहीं. चित्र खोटें बोलत नाहीं हें खरें, पण त्याखालची ओळ बोलूं शकते.

कोणी म्हणतील कीं, अशीं चित्रें मोकळीं केल्यास लुटारूंस वाट दाखविल्यासारखें होईल. आक्षेप खोटा नाहीं. जेथवर बनेल तेथवर पाण्याखालील अवशेष जागच्या जागींच राखावा, ह्यास युनेस्कोच्या २००१च्या करारानेंही अग्रक्रम दिला आहे. व जागीं असलेला अवशेषच चोरीस जातो. परंतु उपाय सोपा आहे. अक्षांश-रेखांश दप्तरांत ठेवावे व चित्र द्यावें. ठिकाण झांकण्यासाठीं वस्तूच झांकणें, म्हणजे चोराच्या भीतीनें दागिन्याची यादीही न करणें होय.

हें परीक्षण आम्ही हिंगोली जिल्ह्यांतील डोंगरकडा येथून लिहीत आहों. येथून समुद्र शेंकडों मैल दूर. सुंचीच्या खडकावरील तोफ येथील विद्यार्थ्यानें पाहावी, तर ती छायाचित्रांतच पाहिली पाहिजे. आपल्या कायद्याप्रमाणें छायाचित्राचा स्वामित्वहक्क सामान्यतः छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षें चालतो. सन २००० मध्यें वारलेल्या छायाचित्रकाराचें हयातींत छापलेलें चित्र परवानगीवांचून २०६० सालाच्या अखेरीपर्यंत पुनर्मुद्रित करतां येणार नाहीं. तेव्हां आज शाळेंत असलेला मुलगा उतारवयांत तें मोकळेपणीं वापरूं शकेल! ही मुदत कमी करणें संस्थांच्या हातीं नाहीं. मात्र जेथें हक्क त्यांचा स्वतःचा आहे, तेथें परवानगी देणें सर्वस्वी त्यांच्याच हातीं आहे.

सबब आमची सूचना अशी. ज्यांच्यापाशीं आमच्या किनाऱ्यावरील भग्न जहाजांचीं छायाचित्रें आहेत, त्यांनीं तीं मुक्त परवान्यानें द्यावीं; प्रत्येकाबरोबर मूळची नोंद, दप्तरी क्रमांक, मोजमाप व दिवस द्यावा; आणि पुढें होणारी दुरुस्ती मूळ नोंदीच्या शेजारीं ठेवावी, तिच्या जागीं नव्हे. जहाजांसंबंधीं जे कागद खाजगी दप्तरांतून पडून आहेत, त्यांच्या धन्यांसही हीच विनंती आहे. डचांनीं दाराची कडी काढली, जर्मनांनीं आंतील मालाची यादी नीट लावून दिली. ह्या दोहोंचा मेळ घालण्याचें काम आमच्या संस्थांनीं अंगावर घेतल्यास तें त्यांस शोभेल.