तहकुबीची भाषा

डॉ. बाबासाहेबांचे ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ आपण सारे वाचतो. त्याच्या आरंभी छापलेला पत्रव्यवहार मात्र ओलांडून पुढे जातो. मीही वर्षानुवर्षे तेच केले. यंदा ती पत्रे सावकाश वाचली.

लाहोरचे जात-पात-तोडक मंडळ हा काही सनातन्यांचा कंपू नव्हता. आंतरजातीय विवाहाचा पुरस्कार करणारी ही सवर्ण सुधारक मंडळी. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतरही त्यांनी बाबासाहेबांनाच अध्यक्षपदासाठी बोलावले. एवढे धाडस त्यांच्यात होते, हे मान्य केलेच पाहिजे. मग भाषणाची प्रत हाती पडली आणि सूर बदलला. आधी स्तुती, मग ‘परंतु’. ‘वेद’ हा शब्द गाळा, धर्म सोडण्याचा उल्लेख काढा, शेवटचा भाग अप्रस्तुत आहे! विचार खोटा आहे असे पत्रात कुठे म्हटलेले नाही. उलट आमच्यापैकी काहींना आपल्या भावना पटतात, असाच सूर आहे. भीती आहे ती लोक दुखावतील याची. अधिवेशन आधी ईस्टरला होते, मग मेच्या मध्यावर गेले, मग बेमुदत तहकूब झाले. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला आणि १९३६ मध्ये स्वखर्चाने १५०० प्रती छापल्या. दोन महिन्यांत त्या संपल्या! ज्या लोकांची मंडळाला धास्ती होती, त्याच लोकांत वाचकही होते.

आपले समीक्षक इथे मंडळाला ढोंगी ठरवून मोकळे होतात. मला ते पटत नाही. ढोंगी माणूस बोलावतच नाही. ही माणसे जात मोडायला निघाली होती, पण कोणीही न दुखावता.

ही पत्रे मला झोंबली त्याला घरचे कारण आहे. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. नोकरी कायम व्हायची होती त्या वर्षी हाच ग्रंथ वर्गात शिकवला, आणि शास्त्रप्रामाण्यावरचा भाग ‘वेळेअभावी’ सोडला. कोणी सांगितले नव्हते. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, ‘सर, मधली पानं का सोडली?’ मी म्हणालो, पुढच्या तासाला पाहू.

तो तास मी घेतला नाही. ती मुलगी आता एका शाळेत शिकवते. ती पाने तिने स्वतःच वाचली असतील.