‘स्थानिक’ आणि ‘चांगले’ : बिअरच्या मूल्यमापनातील दोन विशेषणे

आपल्या गावात तयार होणारी बिअर सामान्य दर्जाची असेल आणि दूरच्या गावाहून येणारी बिअर तिच्याहून निश्चितपणे सरस असेल, तर जाणत्या ग्राहकाने कोणती पसंत करावी, हा प्रश्न प्रथमदर्शनी विद्यापीठीय चर्चेच्या कक्षेबाहेरचा वाटेल. परंतु अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये गेल्या पन्नास वर्षांत लहान ब्रुअऱ्यांचे जे पुनरुज्जीवन झाले, त्याच्या अनुषंगाने ह्या प्रश्नावर पुष्कळ वाद झालेला आहे. त्या वादात वापरली जाणारी ‘स्थानिक’ व ‘चांगले’ ही दोन विशेषणे तपासून पाहिली, म्हणजे मूल्यमापनातील एका सर्वसाधारण प्रमादावर प्रकाश पडतो. हा प्रमाद साहित्यसमीक्षेलाही अपरिचित नाही. म्हणूनच त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

१

प्रथम पूर्वपक्ष त्याच्या सर्व बळानिशी मांडला पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात अमेरिकेत चार हजारांहून अधिक ब्रुअऱ्या होत्या. पुढे त्यांची संख्या घटत गेली, आणि १९२० ते १९३३ ह्या दारूबंदीच्या काळात तोवर टिकलेल्यांपैकी बहुसंख्य नष्ट झाल्या. ज्या उरल्या त्यांना पुढे मोठ्या कंपन्यांनी गिळले किंवा स्पर्धेत संपविले. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस संबंध देशात शंभरही ब्रुअऱ्या शिल्लक नव्हत्या, आणि त्यांची बिअर चवीला जवळजवळ एकसारखी झाली होती. १९७६ साली कॅलिफोर्नियातील सोनोमा येथे ‘न्यू अल्बियन’ ही छोटी ब्रुअरी निघाली. १९७८ च्या कायद्याने घरगुती बिअर करण्यास संघीय पातळीवर मोकळीक मिळाली. १९८० साली चिको येथे ‘सिएरा नेवाडा’ सुरू झाली. आज अमेरिकेतील ब्रुअऱ्यांची संख्या नऊ हजारांच्या वर गेलेली आहे.

पूर्वपक्षाचे म्हणणे असे की, हा विस्तार केवळ गुणवत्तेच्या बळावर झालेला नाही. प्रारंभीच्या बिअरमध्ये दोष होते, तरी गावकऱ्यांनी त्या आपल्या म्हणून विकत घेतल्या, आणि ह्या पाठिंब्यावरच त्या पुढे सुधारल्या. शिवाय गावातील ब्रुअरीमुळे पैसा गावात फिरतो, रोजगार मिळतो, आणि बिअर करणारा माणूस ग्राहकाच्या ओळखीचा असतो. तेव्हा थोडी उणी असली तरी आपलीच बिअर प्यावी. ह्या युक्तिवादात तथ्य आहे. लहान उद्योगाला प्रारंभी आश्रय लागतो हे कोणीही नाकारणार नाही. प्रश्न एवढाच आहे की, हा आश्रय कोणत्या स्वरूपाचा असावा.

२

‘स्थानिक’ हे विशेषण बिअरच्या कोणत्या अंगाला लागू पडते? बिअरचे घटक चार : पाणी, बार्लीचे माल्ट, हॉप वेलीची फुले आणि यीस्ट. अमेरिकेतील हॉप मुख्यतः वॉशिंग्टन राज्यातील याकिमा खोऱ्यातून आणि त्याला लागून असलेल्या ओरेगन व आयडाहो ह्या राज्यांतून येते. दूरच्या फ्लॉरिडातील ब्रुअरीलाही ते तेथूनच मागवावे लागते. माल्ट थोड्याच मोठ्या उत्पादकांकडून येते. यीस्टच्या जाती प्रयोगशाळेतून विकत मिळतात. राहता राहिले पाणी. परंतु इंग्लंडमधील बर्टन गावच्या पाण्यातील जिप्सममुळे तेथील पेल एलला विशिष्ट तीव्रता येते हे कळल्यावर इतर ठिकाणचे उत्पादक आपल्या पाण्यात जिप्सम मिसळू लागले, आणि ह्या क्रियेला त्या गावाच्याच नावावरून एक क्रियापद रूढ झाले. तात्पर्य, बर्टनचे पाणीही बर्टनबाहेर करता येते.

म्हणजे पुष्कळदा बिअरमध्ये खऱ्या अर्थाने स्थानिक असे फक्त श्रम व मालकी एवढेच उरते. अमेरिकेतील लहान उत्पादकांच्या संघटनेने ‘क्राफ्ट’ उत्पादकाची जी व्याख्या केली आहे तीही ह्याच दिशेने बोलकी आहे. वार्षिक उत्पादन साठ लाख बॅरलच्या आत असावे, आणि स्वतः ‘क्राफ्ट’ उत्पादक नसलेल्या मद्य-उद्योगातील कंपनीची मालकी पंचवीस टक्क्यांहून कमी असावी, ह्या तिच्या मुख्य अटी आहेत. साठ लाख बॅरल म्हणजे सुमारे सत्तर कोटी लिटर. पूर्वी ही मर्यादा वीस लाख बॅरल होती. संघटनेतील एक मोठा उत्पादक ती ओलांडण्याच्या बेतात आल्यावर, २०१० च्या अखेरीस, ती तिपटीने वाढविण्यात आली. ह्या व्याख्येत गावाचा उल्लेख नाही आणि चवीचाही नाही. ती व्यापारी व्याख्या आहे, व त्या दृष्टीने तिच्यात काही गैर नाही. परंतु तिच्यावरून चवीसंबंधी निष्कर्ष काढणे मात्र गैर आहे.

नाम आणि स्थान ह्यांचा संबंध किती सैल होऊ शकतो ह्याचे एक उदाहरण शिकागोचे आहे. तेथील ‘गूस आयलंड’ ब्रुअरीने आपल्या एका गव्हाच्या बिअरला शहराचा दूरध्वनी-क्रमांक ‘३१२’ हे नाव दिले होते. त्याहून अधिक स्थाननिष्ठ नाव कल्पिता येणार नाही. २०११ साली ती ब्रुअरी अनहॉयझर-बुश कंपनीने विकत घेतली, आणि त्यानंतर ह्या बिअरचे उत्पादन न्यूयॉर्क राज्यातील बाल्डविन्सव्हिल येथे हलविण्यात आले. क्रमांक शिकागोचाच राहिला.

ब्रिटनमधील पारंपरिक बिअरच्या पुरस्कर्त्यांची संस्था ‘कॅम्रा’ हिच्या नॉटिंगहॅम शाखेने २००७ साली स्थानिक बिअर विकणाऱ्या पबना मान्यता देण्याची योजना काढली. ती पुढे देशभर पसरली तेव्हा ‘स्थानिक’ म्हणजे किती मैल हे ठरविणे शाखांकडे आले. एका शाखेत जी बिअर स्थानिक ठरेल ती शेजारच्या शाखेत परकी ठरू शकेल. भाषेच्या दृष्टीने हे स्वाभाविकच आहे. ‘स्थानिक’ हे विशेषण ‘इथला’, ‘जवळचा’ ह्या शब्दांच्या कुळातले आहे. बोलणारा कोठे उभा आहे हे कळल्याखेरीज त्याचा अर्थ पूर्ण होत नाही. प्रत्येक बिअर कोठे ना कोठे स्थानिक असतेच. मग जो धर्म सर्व वस्तूंना समान आहे, तो एका वस्तूच्या श्रेष्ठत्वाचे कारण कसा होईल?

३

ह्याउलट स्थाननाम हेच गुणवाचक झाल्याची उदाहरणे आहेत, आणि ती अधिक उद्बोधक आहेत. मराठी वाचकाला पैठणीचे उदाहरण सहज आठवेल. पैठणी आज मोठ्या प्रमाणावर येवल्यात विणली जाते, तरी तिला कोणी येवली म्हणत नाही. कारण ‘पैठणी’ हा शब्द आता गावाचा नव्हे, तर विणीचा, पदराचा आणि काठाचा वाचक झालेला आहे. बिअरच्या बाबतीत ‘पिल्सनर’ हा शब्द असाच आहे. मूळ अर्थ ‘पिल्झेनची’. आज जगाच्या पाठीवर कोठेही केलेल्या सोनेरी, स्वच्छ, हॉपचा किंचित कडवटपणा असलेल्या लागर बिअरला हे नाव लावतात. ते इतके सामान्य झाले की, खुद्द पिल्झेनच्या ब्रुअरीला १८९८ साली ‘मूळ झरा’ अशा अर्थाचा ‘उर्क्वेल’ हा शब्द त्याला जोडून आपले वेगळेपण सांगावे लागले.

हा मान पिल्झेनला कसा मिळाला? बोहेमियातील ह्या गावात बिअर करण्याचा हक्क परंपरेने काही नागरिकांकडे होता आणि त्यांच्या बिअरचा दर्जा अनिश्चित होता. १८३८ साली नासकी ठरलेली छत्तीस पिंपे नगरभवनासमोर ओतून देण्यात आली. पुढच्या वर्षी नागरिकांनी एकत्रितपणे नवी ब्रुअरी बांधण्याचे ठरविले, आणि तिच्यासाठी बव्हेरियातून योसेफ ग्रोल ह्या कारागिराला आणले. थंडाव्यात सावकाश आंबविण्याची पद्धत बव्हेरियाची होती. माल्ट फिकट रंगाचे ठेवण्याचे तंत्र इंग्लंडचे होते. पाणी मात्र गावचे, अत्यंत मृदू. आणि हॉप जवळच्या झाटेत्स भागातील. ५ ऑक्टोबर १८४२ रोजी ग्रोलने पहिला घाणा काढला.

पूर्वपक्षाच्या दृष्टीने पाहता पिल्झेनच्या नागरिकांनी दुहेरी अपराध केला : आपल्या गावची बिअर आपणच गटारात ओतली, आणि परक्या माणसाला परक्या विद्येसह बोलावले. परंतु त्यांना गावाविषयी आस्था नव्हती असे कोण म्हणेल? त्यांनी बाहेरून चांगली बिअर मागवून प्रश्न मिटविला नाही. चांगली बिअर गावातच झाली पाहिजे असा आग्रह धरला. गावाबद्दलची त्यांची निष्ठा गावच्या बिअरला क्षमा करण्यात प्रकट झाली नाही. क्षमा न करण्यात ती प्रकट झाली.

सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘अँकर’ ब्रुअरीचा वृत्तान्त ह्याला पूरक आहे. १९६५ साली ती बंद पडण्याच्या मार्गावर असताना तिच्या बिअरवर लोभ असलेल्या फ्रिट्झ मेटॅग ह्यांनी तिच्यातील बहुतांश भाग विकत घेतला. येथपर्यंत ही स्थानिक प्रेमाची कथा आहे. परंतु त्या वेळी तेथील बिअर वारंवार आंबत असे, आणि प्रेमाने ते थांबण्यासारखे नव्हते. मेटॅग ह्यांनी स्वच्छतेपासून प्रत्येक गोष्ट नव्याने शिकून घेतली. १९७१ साली त्यांची बिअर बाटलीतून विकण्यास योग्य झाली. प्रेमाने ब्रुअरी वाचली; बिअर मात्र कठोर परीक्षणाने सुधारली. २०१७ साली ही ब्रुअरी जपानच्या सप्पोरो कंपनीकडे गेली आणि २०२३ साली तिचे उत्पादन थांबले. चांगली बिअर करणे हे टिकून राहण्याची हमी नव्हे, हेही ह्यावरून मान्य केले पाहिजे. परंतु ती न करता अँकर १९७१ देखील पाहू शकली नसती.

४

‘स्थानिक’ हे विशेषण असे सापेक्ष ठरल्यावर ‘चांगले’ हे निरपेक्ष आहे असे मात्र समजू नये. तीव्र, दाट, दुर्मिळ बिअरला मर्मज्ञांच्या याद्यांत वरचे स्थान सहज मिळते. सौम्य, रोजच्या बैठकीत तीन पेले घेण्याजोगी बिअर त्या याद्यांत क्वचित दिसते. हे म्हणजे महाकाव्याच्या फूटपट्टीने ओवी मोजण्यासारखे आहे. प्रत्येक बिअर तिच्या जातीच्या संदर्भातच चांगली किंवा वाईट असते.

शिवाय काही बिअरच्या बाबतीत सान्निध्य हे खरोखरच गुणाचे कारण असते. हॉपचा सुगंध काळाबरोबर उडून जातो. प्रवासात उष्णता लागली तर अधिकच वेगाने. पिपातच दुसऱ्यांदा आंबणारी आणि बाहेरचा वायू न भरता वाढली जाणारी इंग्रजी एल, पीप उघडल्यावर साधारण तीन दिवसांत संपवावी लागते. दूरच्या ब्रुअरीत जी बिअर श्रेष्ठ होती ती पेल्यात पडेपर्यंत तशीच राहील असे नाही. येथे ‘स्थानिक’ ह्या शब्दाला चवीचा आधार आहे. परंतु हा आधार ताजेपणाचा आहे, पत्त्याचा नव्हे; आणि गावची बिअर दुकानात महिनोन्‌महिने उन्हात पडून राहिली तर तोही उरत नाही.

‘कॅम्रा’च्या इतिहासाचा अर्थ ह्या दृष्टीने लावण्याजोगा आहे. मोठ्या कंपन्या गावोगावच्या ब्रुअऱ्या बंद पाडीत असताना १९७१ साली ही संस्था स्थापन झाली. ‘आपल्या गावची बिअर प्या’ अशी घोषणा तिला सोयीची होती. परंतु तिने जी कसोटी निश्चित केली ती बिअर कशी आंबते आणि कशी वाढली जाते ह्याची होती. अशा कसोटीवर गावची ब्रुअरीदेखील नापास होऊ शकत होती, आणि म्हणूनच उत्तीर्ण होण्याला काही अर्थ होता. मैलांची मान्यता आली ती छत्तीस वर्षांनंतर, आणि तीही मूळ कसोटीच्या जागी नव्हे, तर तिच्या जोडीला.

५

वरील विवेचनातून दोन गोष्टींतील भेद स्पष्ट व्हावा. एक अग्रक्रम, दुसरी सवलत. गावची बिअर आधी चाखावी, वारंवार चाखावी, ती करणाऱ्याशी बोलावे, तिच्यातील दोष त्याला सांगावेत, आणि सुधारणेला वेळ द्यावा : हा अग्रक्रम होय. तो देणे योग्य आहे, कारण दूरच्या उत्पादकाला गावकरी हे देऊ शकत नाही. परंतु तिचा आंबटपणा ‘वैशिष्ट्य’ म्हणून खपवून घ्यावा आणि जी बाहेरून आली असती तर नाकारली गेली असती ती ‘आपली’ म्हणून वाखाणावी : ही सवलत होय. सवलतीने ग्राहकाची जीभ बोथट होते. उत्पादकाचे नुकसान त्याहून मोठे होते. आपली बिअर चांगली आहे की केवळ जवळची आहे, हे त्याला कधीच कळत नाही. आणि मोठ्या भांडवलाने जवळपणाचे सोंग आणले, शहराचा क्रमांक बाटलीवर छापला, की त्याच्यापाशी वेगळे असे काही उरत नाही.

हा विचार महाराष्ट्रालाही आता दूरचा राहिलेला नाही. २००९ साली पुण्यात सुरू झालेल्या एका छोट्या ब्रुअरीचे नाव ‘डूलाली’. नाशिकजवळच्या देवळालीच्या लष्करी तळावर मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत कंटाळून गेलेल्या गोऱ्या शिपायांच्या तोंडी ‘देवळाली’चे ‘डूलाली’ झाले. पुढे ‘वेडसर’ अशा अर्थाने तो शब्द इंग्रजीत रुळला आणि तेथून पाटी होऊन पुण्यात परत आला. इतका प्रवास करून आलेले नाव स्थानिक मानावे की परके? ह्या प्रश्नाच्या उत्तरावर पेल्यातील बिअरची चव मुळीच अवलंबून नाही.

आपल्या जिल्ह्यातील लेखकाची कादंबरी हाती आली असता समीक्षकापुढे हाच प्रसंग उभा राहतो. ती आधी वाचणे हे त्याचे कर्तव्य आहे. तिची बोली, तिचा परिसर त्याला इतरांहून अधिक कळत असल्यामुळे तिच्यातील उणीवही त्यालाच प्रथम दिसणार. ती न सांगता केवळ मातीचा सुगंध वाखाणला, तर त्या लेखकाला मिळू शकणारा सर्वांत जाणता वाचक त्याने हिरावून घेतला असेच म्हणावे लागेल.