शून्य आणि मौन : वेब-उपयोजनांतील नियतकालिक कार्ये व थेट अद्ययावतता यांची चिकित्सा (आंबोलीच्या पर्जन्यनोंदीच्या संदर्भात)

गोषवारा

ठरलेल्या वेळी आपोआप पार पडणारी कार्ये आणि वाचकाच्या पडद्यावर क्षणोक्षणी बदलणारी माहिती ही आजच्या वेब-उपयोजनांची दोन प्रमुख वैशिष्ट्ये मानली जातात. यांपैकी दुसऱ्या वैशिष्ट्याचे कौतुक अधिक होते आणि पहिले दुर्लक्षित राहते. वेळापत्रकाची शिस्त नसेल तर थेट अद्ययावतता वाचकाची दिशाभूल करते, हा विचार प्रस्तुत लेखात आंबोलीसारख्या अतिपर्जन्याच्या ठिकाणच्या नोंदींच्या आधारे मांडला आहे. 'पाऊस शून्य' आणि 'नोंद नाही' या दोन स्थितींतील भेद जपणे ही अशा उपयोजनांची खरी कसोटी होय, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : नियतकालिक कार्य, थेट अद्ययावतता, पर्जन्यमापन, क्रॉन, वेबसॉकेट, आंबोली.

१. प्रास्ताविक

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सावंतवाडी तालुक्यातील आंबोली हे गाव सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर वसलेले आहे. अरबी समुद्रावरून येणारे मोसमी वारे येथे अडतात. त्यामुळे महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसाच्या मोजक्या ठिकाणांत आंबोलीची गणना होते. येथील वार्षिक पर्जन्यमान सर्वसाधारणपणे सात हजार मिलिमीटरच्या आसपास सांगितले जाते. घाटमाथा ओलांडून पूर्वेकडे जावे तसा पाऊस झपाट्याने उणावतो. आंबोलीत उगम पावणारी हिरण्यकेशी मात्र हे पाणी आजरा, गडहिंग्लज या तालुक्यांतून पुढे घटप्रभेपर्यंत नेते. आंबोलीच्या पावसाचा आकडा म्हणूनच केवळ वर्षासहलीला निघालेल्या पर्यटकाच्या कुतूहलाचा विषय नाही. घाटरस्त्याने जाणारा वाहनचालक, दरडीखाली वसलेली वस्ती आणि नदीकाठचा शेतकरी या सर्वांचे हित त्यात गुंतलेले असते.

भारतात दैनिक पाऊस सकाळी साडेआठ वाजता मोजला जातो. त्या क्षणी संपलेल्या चोवीस तासांचा पाऊस त्याच तारखेच्या नावे लिहिण्याची प्रथा आहे. मुसळधार पावसात मोजपात्र अनेकदा भरावे लागते आणि प्रत्येक वेळची बेरीज काळजीपूर्वक ठेवावी लागते. भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ मधील आहे. निरीक्षकाने ठरलेल्या वेळी मापकापाशी जाणे, मोजणे, लिहिणे आणि कळवणे ही शिस्त संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. आज हेच काम सर्व्हरवरील आज्ञावलीकडे सोपवले जात आहे. तेव्हा मूळ शिस्तीतील कोणते गुण आज्ञावलीत उतरले आणि कोणते निसटले, याची चिकित्सा अगत्याची ठरते.

२. वेळापत्रकाची विश्वासार्हता

युनिक्स प्रणालीतील 'क्रॉन' ही सुविधा १९७० च्या दशकापासून परिचित आहे. पॉल विक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेली तिची आवृत्ती पुढे सर्वत्र रूढ झाली. अमुक मिनिटाला अमुक आज्ञा चालवावी, एवढीच क्रॉनची प्रतिज्ञा असते. त्या मिनिटाला यंत्र बंद असेल तर मूळ स्वरूपातील क्रॉन चुकलेले काम नंतर करीत नाही. साडेआठला वीज गेली आणि पावणेनऊला आली, तर त्या दिवसाची फेरी वगळली जाते. निरीक्षक मात्र पाच मिनिटे उशिरा पोहोचला तरी मोजतो आणि उशीर झाल्याची टीप लिहितो. सुटलेली फेरी नंतर पूर्ण करणाऱ्या सुविधा पुढे निर्माण झाल्या, पण त्या जाणीवपूर्वक निवडाव्या लागतात.

वेब-उपयोजनांत ही अडचण अधिक गुंतागुंतीची होते. वेब-सर्व्हरचा स्वभावच मुळी मागणी आली की उत्तर द्यावयाचे, असा आहे. स्वतः होऊन काही करणे हे त्याचे मूळ काम नव्हे. वर्डप्रेस या लोकप्रिय प्रणालीत नियतकालिक कार्यांची तपासणी मूळ मांडणीप्रमाणे कोणी वाचकाने पान उघडले तरच होते. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या सर्व्हरवर वीस मिनिटे कोणाची मागणी आली नाही तर उपयोजन निद्रिस्त करण्याची पूर्वनिर्धारित योजना आहे. उपयोजनाच्या अंतर्भागात लावलेले घड्याळही त्याबरोबर थांबते. मध्यरात्री घाटात पाऊस कोसळत असताना संकेतस्थळ कोणी पाहत नाही. परिणामी सर्वाधिक गरजेच्या प्रहरीच नोंद घेणारी आज्ञावली झोपी जाण्याचा संभव असतो. यावर उपाय सोपा आहे. ठरावीक वेळचे काम वाचकांच्या ये-जा करण्यावर अवलंबून न ठेवता स्वतंत्र प्रक्रियेकडे सोपवावे.

दुसरा दोष याच्या उलट आहे. भार वाटून घेण्यासाठी एकच उपयोजन दोन सर्व्हरांवर ठेवले जाते आणि दोहोंतील घड्याळे एकाच वेळी तीच नोंद आणतात. किंवा नोंद लिहून झाल्यावर, पण 'काम झाले' अशी खूण करण्यापूर्वी सर्व्हर बंद पडतो आणि पुन्हा सुरू झाल्यावर तेच काम दुसऱ्यांदा होते. याचा परिणाम केवळ तांत्रिक नाही. महाराष्ट्रात महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाल्यास ती अतिवृष्टी मानली जाते आणि पंचनामा व मदत यांचा विचार त्या आधारे होतो. ४० मिलिमीटरची नोंद दोनदा मिळवली गेली तर ८० होते आणि न झालेली अतिवृष्टी कागदावर अवतरते. नोंद सुटली तर झालेली अतिवृष्टी नाहीशी होते. काम नेमके एकदाच होईल अशी हमी देता येत नाही, हे मान्य करून ते कितीही वेळा झाले तरी फल एकच राहील अशी रचना करणे हाच यावरील शास्त्रीय मार्ग आहे. केंद्राचे नाव व निरीक्षणाची वेळ मिळून प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख ठरवली, तर दुसऱ्यांदा आलेली तीच नोंद बेरजेत शिरू शकत नाही.

तिसरा प्रश्न तारखेचा आहे. सर्व्हरचे घड्याळ बहुधा आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेवर चालते. भारतीय वेळेनुसार सकाळचे साडेआठ म्हणजे तेथील पहाटेचे तीन होत. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेल्यावरही साडेपाच वाजेपर्यंत त्या घड्याळात आदल्या दिवसाचीच तारीख असते. शिवाय पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, तो साडेआठला बदलतो. मुंबईच्या लोकस्मृतीत २६ जुलै २००५ ही तारीख कोरली गेली आहे, परंतु सांताक्रूझ येथील ९४४ मिलिमीटर पाऊस हा २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांचा आहे. ही प्रथा ठाऊक नसलेल्या आज्ञावलीकाराने तासातासाच्या नोंदी पंचांगातील दिवसाप्रमाणे मिळवल्या, तर त्याचा आकडा अधिकृत आकड्याशी कधीच जुळणार नाही.

३. थेट अद्ययावततेचे स्वरूप व मर्यादा

मुंबईच्या त्याच घटनेने दैनिक नोंदीची मर्यादाही दाखवून दिली. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या चोवीस तासांत कुलाब्याला सुमारे ७३ मिलिमीटरच पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मिळणारा अचूक आकडा बुडणाऱ्या वस्तीच्या उपयोगाचा नव्हता. त्यानंतर शहरात स्वयंचलित पर्जन्यमापकांचे जाळे उभे राहिले. २०१७ पासून 'महावेध' प्रकल्पाद्वारे राज्यातील दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसवण्यात आली. दिवसातून एकदा येणारी नोंद आता काही मिनिटांच्या अंतराने येऊ लागली. ती वाचकापर्यंत तितक्याच त्वरेने पोहोचवणे, ही अपेक्षा स्वाभाविक होती.

वेबच्या आरंभकाळी वाचकाने पान पुन्हा उघडले तरच नवी माहिती मिळे. २००५ च्या सुमारास पान न बदलता पार्श्वभूमीवर सर्व्हरला वारंवार विचारण्याची पद्धत 'एजॅक्स' या नावाने रूढ झाली. पुढे सर्व्हरनेच घटना घडताच वाचकाकडे संदेश ढकलण्याची पद्धत एचटीएमएल-५ च्या बरोबरीने प्रमाणित झाली आणि २०११ मध्ये दोन्ही बाजूंनी संवाद साधणाऱ्या वेबसॉकेटचे प्रमाणक प्रसिद्ध झाले. पर्जन्यमाहिती सर्व्हरकडून वाचकाकडे अशी एकाच दिशेने वाहते. तिच्यासाठी यांपैकी सर्वांत प्रगत मानल्या जाणाऱ्या पद्धतीची आवश्यकता नाही. सर्व्हरने संदेश ढकलण्याची साधी पद्धत येथे अधिक योग्य ठरते. तिच्यात संपर्क तुटल्यास ब्राउझर आपण होऊन पुन्हा जोडणी करतो आणि शेवटचा मिळालेला संदेश कोणता, हे सर्व्हरला कळवतो. सर्व्हरने मधले संदेश जपून ठेवले असतील तर सुटलेला भाग भरून निघतो. वेबसॉकेटमध्ये ही व्यवस्था उपयोजनकर्त्याला स्वतः उभारावी लागते.

खरी अडचण मात्र संपर्क तुटल्याचे कळण्यात आहे. घाटात मोबाइलचे जाळे क्षीण झाले असता जोडणी प्रत्यक्षात मृत होते, तरी दोन्ही टोकांच्या यंत्रांना ती बराच काळ जिवंत भासू शकते. पडद्यावर 'थेट' ही पाटी तशीच झळकत राहते आणि तिच्याखाली दोन तासांपूर्वीचा आकडा असतो. जुन्या पद्धतीच्या तक्त्यावर निदान वेळ छापलेली असे. या अर्थाने 'थेट' हा शब्द वाचकाला दिलेले वचन आहे आणि आकडा किती जुना आहे हे त्याच्या शेजारी न सांगणे हा त्या वचनाचा भंग आहे.

४. शून्य आणि मौन

या विवेचनाचा गाभा येथे आहे. पर्जन्यमापकाकडून काहीच आले नाही, याचे दोन अर्थ संभवतात. एक तर पाऊस पडला नाही, किंवा पाऊस पडला पण कळवता आले नाही. हवामानशास्त्राने हा भेद फार पूर्वीच ओळखला आहे. जागतिक हवामान संघटनेच्या 'सिनॉप' या सांकेतिक संदेशात पावसाचा गट वगळला असेल तर त्याचे कारण सांगणारा स्वतंत्र अंक असतो. पाऊस शून्य असल्याने गट वगळला असेल तर ३ आणि मोजमाप उपलब्ध नसल्याने वगळला असेल तर ४. तारायंत्राच्या परंपरेत वाढलेली, अक्षराअक्षराची काटकसर करणारी ही पद्धती याबाबत मात्र एक अंक खर्च करते. याउलट अनेक वेब-उपयोजनांत रिकामी जागा आलेख काढताना सुकर पडावी म्हणून शून्याने भरली जाते. आज्ञावलीच्या एका ओळीत मौनाचे शून्य होते.

पडद्यावरील शून्याचीही परीक्षा ठिकाण पाहूनच करावी लागते. पलटणाऱ्या लहान पात्राच्या साहाय्याने मोजणाऱ्या स्वयंचलित मापकाच्या नरसाळ्यात पालापाचोळा अडकला तर यंत्र व जोडणी दोन्ही सुस्थितीत असूनही शून्य येते. माण-खटावच्या पर्जन्यछायेत जुलै महिन्यातील सलग दोन दिवसांचे शून्य नवलाचे नाही. आंबोलीत तेच शून्य तत्काळ शंकेस पात्र ठरावे. उलटपक्षी, एका दिवसात ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस अशक्य समजून तो गाळणारा सरसकट नियम आंबोलीची खरी नोंद खोटी ठरवील. आंबा-काजूच्या हवामान आधारित फळपीक विम्यात अवेळी पावसाची नोंद निर्णायक असते. तेथे मौनाला शून्य समजणे म्हणजे बागायतदाराच्या हक्कावर नकळत पाणी सोडणे होय.

मौन ओळखण्याचे साधन एकच आहे आणि ते म्हणजे वेळापत्रक. पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ च्या पहाटे दरड कोसळली आणि दीडशेच्या आसपास माणसे गाडली गेली. गावातून कोणाचाही निरोप येणे शक्य नव्हते. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस.टी. बसच्या चालकाला गाव जागेवर नसल्याचे दिसले, तेव्हा बाहेरच्या जगाला वार्ता कळली. एस.टी.ची फेरी दरडीची सूचना देण्यासाठी नव्हती. ती ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी जात होती, एवढ्यामुळेच तेथील मौन उघड झाले. केवळ घटना घडल्यावर संदेश पाठवणारी थेट यंत्रणा अशा प्रसंगी गप्प राहते, कारण संदेश पाठवणाराच उरलेला नसतो. दर दहा मिनिटांनी 'मी आहे, पाऊस इतका' असे कळवण्याचा करार असेल, तर अकराव्या मिनिटाची शांतताच सूचना ठरते. मात्र त्या शांततेकडे पाहणारे नियतकालिक कार्य मापकाहून आणि मूळ सर्व्हरहून वेगळ्या यंत्रावर चालत असले पाहिजे. पहारेकरी त्याच छपराखाली झोपलेला असेल तर छप्पर कोसळल्यावर हाक कोण मारणार?

५. एक आक्षेप

मापक स्वयंचलित झाले, माहिती सतत वाहू लागली, आता सकाळच्या साडेआठच्या नोंदीचे आणि वेळापत्रकाच्या शिस्तीचे प्रयोजन काय, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. त्यात तथ्यांश आहे. दरडीचा धोका तासाभराच्या तीव्रतेवर अवलंबून असतो आणि तेथे दैनिक आकडा अपुरा आहे. परंतु सतत वाहणाऱ्या प्रवाहातील गळती प्रवाहाकडे पाहून कळत नाही. ती कळण्यासाठी दिवसाची एक स्वतंत्र, बंद बेरीज हाताशी लागते. मिनिटामिनिटाच्या नोंदींची बेरीज साडेआठच्या हस्तमापनाशी रोज ताडून पाहिली, तरच प्रवाहातील त्रुटी उघडकीस येते. बँकेत दिवसभर व्यवहार चालू असले तरी सायंकाळी रोकड जुळवावीच लागते, तसेच हे आहे.

६. समारोप

वरील विवेचनातून असे दिसते की, नियतकालिक कार्य हा थेट अद्ययावततेचा मागे पडलेला पूर्वज नसून तिचा आधार आहे. चुकलेली फेरी भरून काढणे, पुनरावृत्तीने फल न बदलणे, निरीक्षणाची वेळ व दिवसाची प्रथा स्पष्ट ठेवणे, आकड्याचे वय दाखवणे आणि शून्य व अनुपलब्धता वेगवेगळ्या खुणांनी नोंदवणे, हे पाच निकष पाळल्याशिवाय कोणत्याही संकेतस्थळाने 'थेट' हे विशेषण धारण करू नये. संगणकशास्त्राच्या अध्यापनात या निकषांना परीक्षेतील टिपेपुरते स्थान न देता प्रकल्पकार्यात आणले पाहिजे. महाविद्यालयाच्या आवारातील एक साधा पर्जन्यमापक, रोज साडेआठला तो वाचणारे विद्यार्थी आणि त्यांनी स्वतः लिहिलेले छोटे उपयोजन एवढ्या सामग्रीवर भूगोल, संख्याशास्त्र व संगणकशास्त्र या तिन्ही विभागांना एकत्र काम करता येईल. भर पावसात एखाद्या सकाळी मापकापर्यंत कोणी पोहोचू शकले नाही, तर त्या दिवसाच्या रकान्यात शून्य लिहू नये, हा धडा त्या विद्यार्थ्यांना आज्ञावली लिहिण्यापूर्वीच मिळालेला असेल.