आंतरराष्ट्रीय व्यापाराचे अध्यापन : पाठांतर आणि आर्थिक तर्क

डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ मध्ये मांडलेला तुलनात्मक खर्चाचा सिद्धांत हा आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या अध्यापनाचा पाया मानला जातो. तथापि पदवी स्तरावर तो बहुधा व्याख्या, गृहीतके, तक्ता व टीका या ठरलेल्या क्रमानेच शिकविला जातो. टीकेचे सर्व मुद्दे पाठ असूनही मूळ तर्क सांगता येत नाही, ही या पद्धतीची खरी उणीव होय.

रिकार्डो यांच्या उदाहरणात ठराविक कापडासाठी इंग्लंडला १०० व पोर्तुगालला ९० माणसांचे वर्षभराचे श्रम लागतात. ठराविक मद्यासाठी अनुक्रमे १२० व ८०. दोन्ही वस्तूंत पोर्तुगाल सरस आहे. मग त्याने कापड आयात का करावे? हा प्रश्न वर्गात विचारला जावा व उत्तराची घाई होऊ नये. कापडाच्या एका परिमाणासाठी पोर्तुगालला मद्याच्या १.१२५ परिमाणांवर पाणी सोडावे लागते, इंग्लंडला सुमारे ०.८३ परिमाणांवर. किती श्रम लागले यापेक्षा कशाचा त्याग करावा लागला, ही तुलना निर्णायक ठरते. श्रममूल्य सिद्धांत सदोष म्हणून रिकार्डोही त्याज्य, ही पाठ्यपुस्तकी टीका त्यामुळे लंगडी पडते. हॅबरलर यांनी १९३० च्या दशकात वैकल्पिक खर्चाच्या आधारे तोच निष्कर्ष श्रममूल्याविना मांडला.

याहून उद्बोधक भाग तक्त्याबाहेरच राहतो, तो वेतनाचा. स्वस्त मजुरीच्या देशापुढे टिकाव लागत नाही, हा सार्वत्रिक समज येथेच तपासता येतो. दोन्ही देशांतील वेतन एकाच चलनात मोजले आणि पोर्तुगालचे वेतन इंग्लंडच्या सुमारे १.११ पटीहून कमी असले, तर दोन्ही वस्तू पोर्तुगालमध्येच स्वस्त पडतील. दीडपटीहून अधिक असले, तर दोन्ही इंग्लंडमध्ये. दुतर्फा व्यापार या दोन मर्यादांमध्येच संभवतो. वेतनातील तफावत उत्पादकतेपासून तोडून पाहता येत नाही, हे फळ्यावरील चार ओळींच्या गणिताने स्पष्ट होते.

उदाहरणामागील इतिहासही सहसा गाळला जातो. १७०३ च्या मेथुएन कराराने पोर्तुगीज मद्यावरील इंग्लिश जकात फ्रेंच मद्याच्या तुलनेत एक-तृतीयांशाने कमी ठेवली होती. कापड व मद्याची जोडी केवळ निसर्गाने जुळविलेली नव्हती.

मात्र राष्ट्राच्या एकूण लाभापाशी थांबणारा तर्कही अपुराच. नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादकाच्या घरातून आलेल्या विद्यार्थ्यापुढे लाभ कोणाचा व हानी कोणाची, हा प्रश्न प्रत्यक्ष उभा असतो. केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. ४ मे २०२४ रोजी ती उठविताना टनामागे ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य व ४० टक्के निर्यात शुल्क ठेवण्यात आले. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्याची अट काढून शुल्क २० टक्के करण्यात आले आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही रद्द झाले. मागणी-पुरवठ्याच्या साध्या आकृतीवर हे टप्पे मांडल्यास असे दिसते की, देशांतर्गत भाव उतरल्याने ग्राहकाला होणाऱ्या लाभापेक्षा बंदीमुळे उत्पादकाचे होणारे नुकसान मोठे असते. भारतासारख्या मोठ्या निर्यातदाराने शुल्क आकारल्यास त्याचा काही भार परदेशी खरेदीदारावर पडू शकतो, शिवाय सरकारला महसूल मिळतो. संपूर्ण बंदीत यांपैकी काहीच हाती येत नाही.