रामबाण आणि शंबूक

एड्सवर औषध सापडल्याची बातमी आपल्याकडे ठरावीक काळाने येत असते. 1996 साली व्हँकुव्हरच्या जागतिक परिषदेत तीन औषधांच्या एकत्रित उपचाराचे यश जाहीर झाले, तेव्हा ती आली. बर्लिनमधल्या एका रुग्णाला रक्ताचा कर्करोग होता. त्यासाठी केलेल्या अस्थिमज्जा-रोपणानंतर त्याच्या शरीरात एच.आय.व्ही.चा विषाणू सापडेनासा झाला. हे 2008-09 च्या सुमारास जगाला कळले, तेव्हा ती पुन्हा आली. 2013 साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातले एक बालक बरे झाल्याचे सांगण्यात आले. 2014 साली त्याच बालकाच्या रक्तात विषाणू परत दिसला. 2019 साली लंडनच्या रुग्णाची बातमी आली. 2024 साली लेनाकापाविर या वर्षातून दोनदा टोचायच्या औषधाची बातमी आली. दक्षिण आफ्रिका आणि युगांडा येथील चाचणीत ते घेणाऱ्या 2,134 स्त्रियांपैकी एकीलाही लागण झाली नाही. ही लागण टाळण्याची व्यवस्था आहे, लागण झालेल्याला बरे करण्याची नव्हे. तरीही रत्नागिरीत माझ्या कानांवर आली ती 'एड्सवर रामबाण औषध निघाले' अशीच.

या बातम्यांतला वैद्यकीय भाग मी डॉक्टरांवर सोपवतो. मी साहित्याचा अभ्यासक आहे आणि माझा विषय आहे बातमी ऐकल्यावर माणसे काय बोलतात हा. कवितेची समीक्षा होते, कथेची होते. मग समाज ज्या शब्दांत एखाद्या रोगाविषयी बोलतो त्या शब्दांची समीक्षा का होऊ नये? एखाद्या समूहाचे मन त्याच्या निवडक ग्रंथांत जितके उघडे पडते त्याहून अधिक ते एस.टी. स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर उघडे पडते.

प्रथम 'रामबाण' हाच शब्द घेऊ. न चुकणारा उपाय म्हणजे रामबाण, हा अर्थ आपल्या भाषेत इतका मुरला आहे की तो वापरताना कोणालाच काही खटकत नाही. पण रामाच्या कथेत एका मृत्यूवरच्या उपायाची हकीकत आहे, ती येथे आठवली पाहिजे. उत्तरकांडात एका ब्राह्मणाचा मुलगा अकाली मरतो. राज्यात कोठेतरी अधर्म होत असल्याशिवाय असे घडणार नाही असे निदान होते. शोध घेतला जातो आणि तपश्चर्या करणारा शंबूक हा शूद्र सापडतो. राम खड्गाने त्याचे मस्तक उडवतो आणि तिकडे ब्राह्मणाचा मुलगा जिवंत होतो. शस्त्र बाण नव्हते, खड्ग होते, एवढाच काय तो फरक. आमच्या साहित्याने शंबूकाकडे ज्ञानाचा हक्क नाकारलेला माणूस म्हणून पाहिले आहे आणि ते योग्यच आहे. मात्र ही उपचाराचीही कथा आहे, याकडे मला लक्ष वेधायचे आहे. रोग एकाला होतो, त्याचे कारण म्हणून दुसऱ्याकडे बोट दाखवले जाते, आणि त्या दुसऱ्याला नाहीसे करणे हाच उपाय ठरतो. रोगाचे कारण माणसात शोधायचे आणि माणूस दूर केला की रोग बरा झाला असे मानायचे, ही या संस्कृतीची जुनी वैद्यकी आहे.

एड्सच्या बातमीवर रत्नागिरीत मी जे ऐकत आलो आहे, त्याचे तीन प्रकार करता येतील. पहिला, 'सुटलो बुवा, आता भीती नाही.' दुसरा, 'ज्यांनी आपल्या कर्माने ओढवून घेतले, त्यांना औषध कशाला?' आणि तिसरा, 'यात नवीन ते काय? आपल्या शास्त्रात हे पूर्वीपासूनच आहे.' वरवर पाहता हे तीन वेगळे सूर आहेत. नीट ऐकले तर तिन्हींमध्ये रुग्ण कोठेच नाही. पहिल्यात बोलणाऱ्याची स्वतःची सुटका आहे, दुसऱ्यात त्याचे सोवळे आहे आणि तिसऱ्यात त्याचा अभिमान आहे.

तिसऱ्या सुराचा समाचार कायद्याने घेतलेला आहे. जादूटोण्याच्या आणि आक्षेपार्ह औषधांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा 1954 सालचा आहे. जे रोग बरे करण्याचा दावा औषधविक्रेत्याला करता येत नाही, अशा रोगांची यादी औषध नियमांच्या परिशिष्टात आहे आणि तिच्यात पहिलेच नाव एड्सचे आहे. तरीही गुप्तरोगांसोबत एड्सवरही हमखास इलाज सांगणारे भेटतात. कारण आपला रोग उघड करून सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभे राहण्यापेक्षा अंधारात पैसे देणे रुग्णाला सोपे वाटते. ही लाज त्याच्यात कोणी पेरली? वर सांगितलेल्या दुसऱ्या सुरानेच.

हा दुसरा सूर कोकणाला विशेष लागू आहे. रत्नागिरी जिल्ह्याने मुंबईला पिढ्यान्‌पिढ्या माणसे पुरवली. गिरण्यांत, गोदीत, हॉटेलांत राबणारा चाकरमानी एका खोलीत दहा-पंधराजणांबरोबर राहिला, खानावळीत जेवला. बायको गावी राहिली. घर तोडून मजुरी मिळवण्याची ही रीत त्याने निवडलेली नव्हती. शेतीने पोट भरत नव्हते आणि ज्यांना शेतीच नव्हती त्यांच्यापुढे तर दुसरा रस्ता नव्हता. अशा माणसाला लागण झाली की 'कर्म' हा शब्द पुढे येतो. गणपतीला किंवा शिमग्याला गावी आलेल्या नवऱ्याकडून बायकोला लागण झाली, तर तिला 'निरपराध' म्हणून थोडी सहानुभूती मिळते. पण नवरा वारला की 'हिच्याच पायगुणाने' असे म्हणून तिलाही घराबाहेर काढायला वेळ लागत नाही. निरपराध आणि अपराधी अशी रुग्णांची वाटणी करणाऱ्याच्या हातात शेवटी दोघांनाही शिक्षा देण्याची सत्ता राहते.

आणि ज्या बाईकडून नवऱ्याला लागण झाली असे म्हणतात, ती कोण? ती कोठून आली? देवदासी, मुरळी म्हणून देवाच्या नावाने सोडलेल्या मुलींत दलित जातींतल्या मुलींची संख्या मोठी होती, हे येथे नव्याने सांगण्याचे कारण नाही. बाबासाहेबांनी 1936 च्या जून महिन्यात परळच्या दामोदर हॉलमध्ये कामाठीपुऱ्यातल्या देवदासी, मुरळ्या, जोगतिणी यांच्या सभेत भाषण केले आणि हे जिणे सोडून द्या असे त्यांना सांगितले. हे आवाहन कठोर होते. पर्यायी रोजगाराशिवाय ते कसे पाळायचे, असा प्रश्न आज विचारता येईल आणि विचारलाही पाहिजे. तथापि एक फरक विसरता येत नाही. बाबासाहेब त्या स्त्रियांशी बोलत होते. त्यांच्याविषयी परस्पर निकाल देत नव्हते.

याउलट 1996 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या वेश्यावस्तीत काय झाले ते पाहावे. पोलिसांनी छापे घालून चारशेहून अधिक स्त्रियांना आणि मुलींना उचलले आणि सरकारी गृहांत कोंडले. त्यांत अनेक नेपाळच्या होत्या. त्यांच्या एच.आय.व्ही.च्या तपासण्या झाल्या. ज्या वर्षी व्हँकुव्हरला औषधाची घोषणा झाली, त्याच वर्षी मुंबईत बाईला उचलून नेणे हा उपाय चालू होता. अल्पवयीन मुलींची सुटका व्हायलाच हवी, याबद्दल दुमत नाही. पण सुटका आणि सफाई यांत फरक आहे, आणि त्या वेळच्या सार्वजनिक बोलण्यात तो पुसला गेला होता. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ने 1972 सालीच ही वस्ती मराठी कवितेत आणली होती. त्यातली भाषा पांढरपेशा वाचकाला अंगावर आली, कारण तिने वस्तीला शहराचा रोग मानले नाही. शहराच्या रोगाची लक्षणे तिने वस्तीत दाखवली.

उचलून नेण्याचा हा उपाय केवळ वेश्यांपुरता नव्हता. 1989 साली गोव्यात डॉमिनिक डिसूझा या तरुणाने रक्तदान केले होते. रक्तात विषाणू सापडला म्हणून सार्वजनिक आरोग्य कायद्याचा आधार घेऊन त्याला जुन्या क्षयरोग-इस्पितळात 64 दिवस डांबण्यात आले. त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाकडे दाद मागितली. न्यायालयाने अलग ठेवण्याची तरतूद वैध मानली. सुशिक्षित, नोकरदार तरुणाची ही गत झाली. ज्यांच्या आईला न्यायालयाचा रस्ता ठाऊक नव्हता त्यांचे काय झाले असेल?

आता औषधाकडे येऊ. ज्या बातमीवर खरोखर आनंद करायला हवा होता ती येऊन गेली आहे. 2001 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा उपचार दिवसाला एक डॉलरहून कमी किमतीत देण्याची तयारी जाहीर केली. तोवर त्याच उपचाराला परदेशी कंपन्या वर्षाला दहा-बारा हजार डॉलर घेत होत्या. या घोषणेने आफ्रिकेत लाखो जीव वाचण्याचा मार्ग खुला झाला. त्या काळी सिप्लाचे मुख्य कार्यालय मुंबई सेंट्रलला बेलासिस रोडवर होते, म्हणजे कामाठीपुऱ्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर. परंतु सरकारी दवाखान्यांतून हा उपचार मोफत मिळायला 1 एप्रिल 2004 उजाडावे लागले. सुरुवातीच्या मोजक्या केंद्रांत जे. जे. रुग्णालय होते, तेही त्याच परिसरात. एवढेसे अंतर कापायला औषधाला तीन वर्षे लागली. या तीन वर्षांत किती माणसे गेली, याचा हिशेब कोणी मागितल्याचे मला आठवत नाही.

यापुढची बातमी तर याहून मोठी आहे. नियमित औषधे घेऊन ज्याच्या रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आहे, त्याच्यापासून लैंगिक संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही, हे 2011 नंतरच्या मोठ्या अभ्यासांनी सिद्ध केले आहे. तो नोकरी करू शकतो, संसार करू शकतो. आईने योग्य उपचार घेतले तर मूल निरोगी जन्मू शकते. ज्याला आपण 'उपाय' म्हणतो त्यातला बराच भाग आज जिल्ह्याच्या ए.आर.टी. केंद्रात फुकट मिळतो. मग टपरीवर त्याची चर्चा का होत नाही? कारण या उपचारात रुग्ण नाहीसा होत नाही. तो आपल्या शेजारी राहतो, गोळी घेतो, आपल्याच विहिरीवर पाणी भरतो. रामबाण हवा असतो तो असे शेजारी राहू नयेत म्हणून.

यावर कोणी म्हणेल, पूर्ण बरे करणारे औषध निघाले की कलंकही जाईल. या समजुतीला कुष्ठरोगाचा इतिहास उत्तर देतो. 1873 साली हॅन्सनला कुष्ठरोगाचा जंतू सापडला. 1890 साली मुंबईत ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने रस्त्यावरच्या महारोग्यांसाठी आश्रयस्थान निघाले. त्यामागे दयेइतकीच रस्ते मोकळे करण्याची इच्छा होती. 1982 च्या सुमारास बहुविध औषधोपचार आला आणि कुष्ठरोग पूर्ण बरा होऊ लागला. तरीही जोडीदाराला कुष्ठरोग असणे हे घटस्फोटाचे कारण आपल्या विवाहविषयक कायद्यांत 2019 पर्यंत टिकून होते. शरीर बरे झाल्यावरही कायद्याला बरे व्हायला 37 वर्षे लागली. समाजाला किती लागतील ते सांगता येत नाही.

रत्नागिरीकराला तर हे अधिक सहज कळावे. येथे 1931 साली भागोजीशेठ कीर यांच्या पैशाने आणि सावरकरांच्या पुढाकाराने सर्व जातींना खुले असे पतितपावन मंदिर उभे राहिले. त्या काळी हे पाऊल लहान नव्हते. पण नाव पाहा. ज्याला पावन करायचे तो आधी पतित ठरवावा लागतो. उपायाच्या नावातच रोग्याला दोषी धरलेले आहे. 26 जानेवारी 1950 रोजी संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, तेव्हा पतित कोणीच उरला नाही. गुन्हेगार ठरला तो अस्पृश्यता पाळणारा. बाबासाहेबांच्या संविधानाने रोगाचे ठिकाण बदलले. तरीही 'आता कोठे राहिली आहे जात?' असे विचारणारे लोक ते कलमच पुढे करतात. उपाय जाहीर झाला म्हणजे जबाबदारी संपली, ही वृत्ती आपण पंचाहत्तर वर्षे सोसत आलो आहोत. म्हणून एड्सच्या बातमीवरचा सुस्कारा आपल्याला ओळखू यायला हवा.

येथे आपल्या माणसांनाही विचारले पाहिजे. 'कर्म' हा शब्द आपण धम्मदीक्षेबरोबर टाकला, तरी आपल्या वस्तीत एखाद्या विधवेच्या तपासणीचा निकाल कळल्यावर तिच्या हातचे पाणी आपण पितो का? 2017 सालचा एच.आय.व्ही.-एड्सविषयक कायदा 2018 च्या सप्टेंबरपासून लागू आहे. नोकरी, शिक्षण, उपचार, निवारा यांत भेदभाव करणे त्याने बेकायदा ठरवले आहे. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. अस्पृश्यताविरोधी कायद्याची कलमे तोंडपाठ असलेल्या किती कार्यकर्त्यांनी हा कायदा वाचला आहे?

पुढच्या वेळी बातमी येईल तेव्हा शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी तिला चार प्रश्न विचारावेत. हे औषध बरे करते की लागण टाळते? ते किती माणसांवर तपासले? किंमत काय? आणि ते प्रथम कोणाला मिळणार? लेनाकापाविरला 2025 साली अमेरिकेत मान्यता मिळाली तेव्हा तिथली वर्षाची किंमत 28,000 डॉलरहून अधिक होती. त्याच वर्षी, भारतीय कंपन्या गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी ते 2027 पासून वर्षाला सुमारे 40 डॉलरला देतील, असे करार जाहीर झाले. माझ्या दृष्टीने खरी बातमी ही दुसरी आहे आणि ती अमलात येते की नाही हे पाहणे हे चळवळीचे काम आहे.

ब्राह्मणाचा मुलगा जगावा, याला आमचा विरोध कधीच नव्हता. शंबूकही जगला पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे. ज्या उपायात त्याला जागा नाही त्याला उपाय म्हणायला आम्ही तयार नाही, मग तो कोणत्याही प्रयोगशाळेतून येवो.