संहितेतील ठिगळ आणि मूळ प्रवाह : मुक्त स्रोत प्रणालींतील स्थानिक दुरुस्त्यांची चिकित्सा

प्रस्तावना

वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये संपादित केलेल्या ज्ञानेश्वरीला बीड येथील पाटांगणाहून मिळालेल्या हस्तलिखिताचा आधार होता. हा पाठ एकनाथपूर्व आहे, असे राजवाड्यांचे प्रतिपादन होते आणि त्यावर अभ्यासकांत पुढे बराच वाद झाला. त्या वादाचे एक कारण असे की, एकनाथांनी शके १५०६ मध्ये अनेक प्रती ताडून ज्ञानेश्वरी शुद्ध केली. परंतु कोणत्या ओवीतील कोणता शब्द कोणत्या कारणाने बदलला, याची वेगळी नोंद आपल्यापर्यंत आलेली नाही. दुरुस्ती संहितेत मिसळून गेली की मूळ कोणते व दुरुस्ती कोणती, हे सांगणे दुष्कर होते. पाठचिकित्सेच्या अभ्यासकांस परिचित असलेला हा प्रश्न मुक्त स्रोत संगणक प्रणालींच्या संहितेतही उद्भवतो. तेथे तो कसा हाताळला जातो आणि त्या पद्धतींच्या मर्यादा कोणत्या, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

स्थानिक पॅचचे स्वरूप

मुक्त स्रोत प्रणालीची संहिता जेथे मुळात लिहिली जाते, त्या प्रकल्पास 'अपस्ट्रीम' म्हणजे वरचा प्रवाह म्हणतात. पैठणच्या उजव्या कालव्याकडे डोळे लावून बसणाऱ्या माजलगाव परिसराला ही संज्ञा समजावून सांगण्याची गरज नाही. डेबियन, फेडोरा यांसारखी वितरणे ही संहिता घेऊन आपल्या गरजेनुसार तीत बदल करतात व नंतर तिची बांधणी म्हणजेच 'बिल्ड' करतात. हा बदल मूळ संहितेपासून वेगळ्या फाइलीत ठेवला की त्यास पॅच म्हणतात. कोणती ओळ काढली आणि कोणती घातली, एवढेच त्यात असते. असे पॅच संहितेवर आपोआप लावणारा 'पॅच' हा प्रोग्रॅम लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये लिहिला.

व्यवहारात तीन मार्ग दिसून येतात. पहिला, थेट संहितेत किंवा बसविलेल्या प्रणालीत बदल करणे. दुसरा, संपूर्ण संहितेची वेगळी शाखा काढून ती स्वतंत्रपणे सांभाळणे. तिसरा, मूळ संहिता जशीच्या तशी ठेवून क्रमवार लावलेली पॅचची मालिका बांधणीच्या वेळी तीवर चढविणे. डेबियनमध्ये ही मालिका एका वेगळ्या निर्देशिकेत असते व पॅचचा क्रम सांगणारी यादी तिच्यासोबत असते. २००९ मध्ये डेबियनमध्ये पुढे आलेल्या एका प्रस्तावानुसार प्रत्येक पॅचच्या माथ्यावर त्याचे वर्णन, उगम, कर्ता आणि तो मूळ प्रकल्पाकडे पाठविला की नाही, ही माहिती लिहिता येते. चिकित्सक आवृत्तीतील पाठभेदांच्या तळटीपांचेच हे कार्य होय.

पहिला मार्ग सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक आहे. एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कोहा ही मुक्त स्रोत प्रणाली आहे आणि मराठी शीर्षकांसाठी कोणी तिच्या फाइलींत थेट बदल केले आहेत, असे समजू. पुढची आवृत्ती बसविताच ते बदल पुसले जातात. ते करणारा कर्मचारी तोपर्यंत अन्यत्र गेला असेल, तर काय केले होते हे सांगणारेही कोणी उरत नाही. मराठवाड्यातील संस्थांत तांत्रिक कर्मचारी बहुधा तात्पुरते असतात; तेथे ही हानी अधिक संभवते.

नोंद पुरेशी आहे काय?

मात्र पॅच वेगळा ठेवला की जबाबदारी संपली, असे मानता येणार नाही. २००६ मध्ये डेबियनने ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या प्रणालीत एक स्थानिक बदल केला. स्मृतीच्या वापराविषयी एका तपासणी साधनाने दिलेली सूचना टाळणे, हा त्याचा हेतू होता. त्या बदलामुळे गुप्त किल्ल्या तयार करताना लागणारी यादृच्छिकता जवळजवळ नष्ट झाली. एका प्रकारच्या व लांबीच्या किल्लीसाठी एका यंत्ररचनेवर जेमतेम ३२,७६८ पर्याय उरले. हा दोष १३ मे २००८ रोजी जाहीर झाला. तोवर तो डेबियनमध्ये व तिच्यावर आधारलेल्या उबुंटूसारख्या वितरणांत सुमारे दीड वर्षाहून अधिक काळ राहिला होता. मूळ ओपनएसएसएलमध्ये तो नव्हता. बदल दृष्टीआड नव्हता. पण ज्यांना त्या ओळींचे प्रयोजन ठाऊक होते, त्यांच्या पूर्ण परीक्षणातून तो गेला नव्हता. यावरून नोंद आणि परीक्षण या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे स्पष्ट होते.

मराठीचा अनुभव

मराठीपुरते पाहता दोन उदाहरणे उद्बोधक आहेत. 'ॲ' या अक्षरास युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत मिळाले. त्यापूर्वी 'अ' वर चंद्र जोडून काम भागविले जाई. हा एक स्थानिक तोडगाच होता. त्याचे अवशेष आजही आढळतात : दोन्ही रूपे डोळ्यांना सारखीच दिसतात, पण संगणकाला ती भिन्न असल्याने एका रूपात शोधलेला शब्द दुसऱ्या रूपात लिहिलेल्या मजकुरात सापडत नाही.

दुसरे उदाहरण लोहित फाँटचे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने पुरविलेले हे फाँट रेड हॅटने मुक्त परवान्याखाली उपलब्ध केले. आरंभी हिंदी व मराठीसाठी वेगळे फाँट होते. त्यामुळे एकातील दुरुस्ती दुसऱ्यात पुन्हा करणे भाग होते. पुढे लोहित देवनागरी हा एकच फाँट करण्यात आला आणि मराठी वळणाचे 'ल' व 'श' भाषेनुसार निवडण्याची सोय त्यातच झाली. स्थानिक गरज येथे ठिगळ म्हणून न राहता मूळ संहितेचा भाग झाली.

अर्थात, मूळ प्रवाहाकडे जाण्याची वाट सर्वांना सारखीच खुली नाही. तेथील चर्चा प्रामुख्याने इंग्रजीत चालते. मराठी न वाचणाऱ्या परीक्षकास 'ऱ्य' आणि 'र्य' यांतील भेद पटवून द्यावा लागतो. शिवाय एखादी दुरुस्ती नाकारली जाऊ शकते. अशा वेळी स्थानिक पॅच जपणे हाच रास्त पर्याय उरतो. 'सर्व काही मूळ प्रकल्पाकडेच पाठवावे' हे तत्त्व सरसकट मांडणारे या असमानतेकडे दुर्लक्ष करतात.

समारोप

स्थानिक दुरुस्ती हा दोष नव्हे. तिच्यावाचून कोणतीही प्रणाली आपल्या भाषेस व भूमीस अनुरूप होत नाही. दोष आहे तो नोंद न करण्यात आणि जाणकारांपुढे न ठेवण्यात. मूळ संहिता अबाधित, प्रत्येक बदल वेगळा व सकारण आणि प्रत्येक नव्या आवृत्तीच्या वेळी त्याची फेरतपासणी, ही शिस्त लहान महाविद्यालयासही परवडणारी आहे. आपल्या संगणकशास्त्र विभागांनी विद्यार्थ्यांना बांधणीबरोबरच दुरुस्तीची नोंद लिहिण्यासही शिकविले, तर आज येथे केलेला बदल उद्याच्या अभ्यासकास ओळखता येईल. राजवाड्यांपुढे पाठभेद होते, पण त्यांची कारणे सांगणारी नोंद नव्हती. तशी नोंद मागे ठेवणे आज आपल्या हाती आहे.